गणवेशातले रेल्वेमन : लष्करी रेल्वे तुकड्यांची वाटचाल

९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्रादेशिक सेनेचे उद्घाटन केले. तिचा कायदा आदल्या वर्षीच झाला होता. या सेनेत पायदळाच्या पलटणींबरोबर रेल्वेच्याही तुकड्या उभ्या राहिल्या. रेल्वेमन त्यांना नुसते 'टेरिटोरियल' किंवा 'टीए' म्हणतात. यात भरती झालेला माणूस एरवी लोको शेडमध्ये फिटर असतो, केबिनमध्ये लिव्हर ओढतो, गँगबरोबर रुळांवर असतो, नाहीतर एखाद्या आडगावच्या स्टेशनात मास्तर असतो. वर्षातून ठरावीक दिवस तो कॅम्पला जातो. तिथे परेड आणि रायफल असतेच. शिवाय त्याला त्याचेच रोजचे काम वेगळ्या परिस्थितीत शिकवले जाते : उखडलेला रूळ अंधारात जोडायचा, सिग्नल नसताना गाडी पुढे काढायची, वाकलेला गर्डर तात्पुरता टेकवून त्यावरून इंजिन सावकाश न्यायचे. बोलावणे आले की तो गणवेश चढवतो आणि शिपाई होतो.

प्रादेशिक सेनेच्या अमृतमहोत्सवानिमित्त हा इतिहास लिहिताना १९४९ पासून सुरुवात करून चालणार नाही. नाव नवे असले तरी काम जुने होते, आणि त्या कामाने शिकवलेले धडे आणखी जुने होते. त्यातले बरेच दुसऱ्यांदा, काही तिसऱ्यांदा शिकावे लागले. युद्ध आले की रेल्वे तुकडी घाईने उभी करायची आणि ते संपले की तिचा खर्च डोळ्यांत सलू लागायचा, हे चक्र या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

सुरुवात मुंबईपासून होते. १८६७ मध्ये मुंबई फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली ॲबिसिनियावर मोहीम निघाली. तांबड्या समुद्राच्या काठी, आजच्या इरिट्रियातील झुला येथे फौज उतरली. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जेमतेम बारा मैलांचा रेल्वेमार्ग टाकायचा होता. रूळ, इंजिने आणि मजूर मुंबईहून गेले. रूळ जुने, निरनिराळ्या मापांचे होते आणि जोडायला लागणारे सुटे सामान अपुरे होते. इंजिने थकलेली होती. बारा मैलांना महिने लागले आणि मार्ग पुरा होईतो मोहीमही संपत आली. नेपियरची मोहीम यशस्वी झाली ती हत्ती, उंट आणि खेचरांच्या पाठीवर. रेल्वेचे सामान होते, पण ते सामान ओळखणारी, एकत्र काम केलेली, एका अधिकाऱ्याच्या हुकमाखालची माणसे नव्हती. लष्करी रेल्वे तुकडी कशासाठी हवी याचे इतके स्पष्ट उत्तर आपल्याकडे आधी कुणाला मिळाले नव्हते.

बारा वर्षांनी बलुचिस्तानात चित्र बदललेले दिसते. दुसऱ्या अफगाण युद्धात सिंधमधील रुक ते सिबी हा सुमारे १३३ मैलांचा मार्ग ऑक्टोबर १८७९ ते जानेवारी १८८० या काळात १०१ दिवसांत टाकला गेला. सपाट वाळवंट, पाण्याचे दुर्भिक्ष, आणि तरीही दिवसाला सव्वा मैलाहून अधिक. पुढचा हरनाईचा डोंगराळ भाग रॉयल इंजिनिअर्सच्या जेम्स ब्राऊन यांनी केला. रशियाला संशय येऊ नये म्हणून १८८३ मध्ये कागदोपत्री या कामाचे नाव 'हरनाई रस्ता सुधारणा योजना' असे ठेवले होते! चप्पर दरीवरचा पूल १८८७ मध्ये खुला झाला. १८९१ मध्ये खोजक बोगदा पुरा होऊन रूळ चमनला पोचले. कंदाहारपर्यंत जाण्यासाठी लागणारे सामानही तिथे रचून ठेवले होते. ते कंदाहारला कधीच गेले नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय लष्करात सॅपर्स अँड मायनर्सच्या २५ व्या आणि २६ व्या अशा दोन रेल्वे कंपन्या होत्या. १९१४ मध्ये त्यांना पूर्व आफ्रिकेला पाठवले. जर्मनांच्या टांगा बंदरावरचा हल्ला फसल्यावर किनाऱ्यावरून आत घुसण्याचा मार्ग बंद झाला, आणि युगांडा रेल्वेवरील व्होई स्टेशनापासून किलिमांजारोच्या दिशेने नवा रेल्वेमार्ग टाकायचे ठरले. कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश. माणसांना आणि इंजिनांना लागणारे पाणी नळाने बरोबर न्यावे लागे. जर्मन टोळ्या रात्री येऊन रूळ उडवत. १९१५ च्या जूनमध्ये या कंपन्यांनी रूळ माक्ताऊला पोचवले आणि पुढच्या वर्षी तो मार्ग जर्मनांच्या उसांबारा रेल्वेला नेऊन जोडला.

त्याच काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे घडले ते महाराष्ट्राने विसरता कामा नये. तिथे गेलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. बसरा घेतल्यावर फौज तैग्रिस नदीच्या कडेने वर सरकत राहिली. जसजशी ती पुढे गेली तसतसा बसऱ्याशी असलेला तिचा धागा बारीक होत गेला. बसऱ्यात धड धक्का नव्हता. जहाजे माल उतरवायला आठवडेच्या आठवडे ताटकळत. तिथून पुढे सगळा भार नदीतल्या उथळ बोटींवर होता, आणि त्या मोजक्या होत्या. तैग्रिस वळणावळणाची, उन्हाळ्यात आटणारी नदी आहे. सेनापती निक्सन यांनी १९१५ मध्ये बसरा ते नासिरिया रेल्वे मागितली. भारत सरकारने ती खर्चाच्या कारणाने नाकारली.

७ डिसेंबर १९१५ रोजी या डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची फौज तैग्रिसकाठच्या कूतमध्ये तुर्कांनी वेढली. तिला सोडवायला भारतातून आणि फ्रान्सहून पलटणी आल्या, बसऱ्यात उतरल्या, आणि त्यातले हजारो सैनिक तिथेच अडकून पडले. त्यांना आघाडीवर न्यायला बोटी नव्हत्या. जे पुढे पोचले ते तुकड्यातुकड्यांनी, तोफा मागे राहिलेल्या, जखमींना परत न्यायची सोय नाही, अशा अवस्थेत लढले. सुटकेच्या या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. आत कूतमध्ये घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुलनार' नावाची बोट २७० टन रसद घेऊन वेढा फोडायला निघाली आणि तुर्कांच्या हाती पडली. २७० टन! आपल्या कुठल्याही यार्डात हा चार-पाच वाघिणींचा माल आहे. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा संपून सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांत सातारा-रत्नागिरीकडचे किती तरी जण होते. वाळवंटातून पायी चालवत नेलेले अनेक कैदी परत आलेच नाहीत.

मराठा शिपाई कूतमध्ये शौर्यात कमी पडला नाही. त्याच्या पाठीशी रूळ नव्हते. मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा वाहतुकीतील हेळसांड त्यात लख्खपणे मांडली गेली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले.

जे आधी परवडत नव्हते ते मग भराभर झाले. भारतातून मीटर गेजचे रूळ, इंजिने आणि डबे बोटींत चढले. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर, फायरमन, प्लेटलेअर आणि फिटर गेले. बसरा-नासिरिया मार्ग १९१६ च्या अखेरीस पुरा झाला. आघाडीच्या पिछाडीला शेख साद येथून अडीच फुटी गेजचा हलका मार्ग टाकला गेला. तोच गेज आपल्याकडे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शीसाठी एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही असा नियम बांधला होता. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येई. लष्करी कामाला हा विचार कसा उपयोगी पडेल हेही त्यांनी मांडले होते. या नव्या वाहतूक व्यवस्थेच्या आधारावर जनरल मॉड यांनी डिसेंबर १९१६ मध्ये चढाई सुरू केली आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. नदी तीच, शत्रू तोच, आणि पलटणीही बऱ्याचशा त्याच जातकुळीच्या होत्या.

दोन युद्धांमधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९२० च्या ऑक्झिलियरी फोर्समध्ये जीआयपी रेल्वे रेजिमेंट, बीबीसीआय रेल्वे रेजिमेंट अशी नावे दिसतात. पण त्या दलाचे दार युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांपुरतेच उघडे होते. परळच्या कारखान्यात घाम गाळणारा किंवा बोरघाटात बँकर इंजिन चालवणारा मराठी माणूस आपल्याच रेल्वेच्या रेजिमेंटमध्ये जाऊ शकत नव्हता. १९४९ च्या टेरिटोरियलचे खरे नवेपण मला इथे दिसते.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी रेल्वेची सगळ्यात मोठी परीक्षा आसामात झाली. मे १९४२ पर्यंत ब्रह्मदेश पडला आणि देशाचा ईशान्य कोपरा एकाएकी आघाडी बनला. तिथे जाणारा मार्ग बंगाल अँड आसाम रेल्वेचा. ही रेल्वे १ जानेवारी १९४२ रोजीच दोन रेल्वे एकत्र करून बनलेली होती. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने आलेला माल पार्वतीपूरला उतरवून मीटर गेजच्या डब्यांत भरायचा. पुढे अमीनगावला ब्रह्मपुत्रा आडवी येई, आणि तिच्यावर पूल नव्हता. डबे तराफ्यांवर चढवून पलीकडे पांडूला न्यायचे, तिथे पुन्हा गाडी जोडायची, मग लामडिंग, मणिपूर रोड, तिनसुकिया असे करत लेडोपर्यंत. जवळजवळ सगळा मार्ग एकेरी. तो बांधला होता चहा आणि तागासाठी.

आता त्याच मार्गावरून चौदाव्या सेनेची रसद जायची होती. चीनला हिमालयावरून माल नेणाऱ्या विमानांचे पेट्रोल जायचे होते, आणि तिकडेच जाणाऱ्या लेडो रस्त्याचे सामानही. जाणकार रेल्वेमनला यातली मेख लगेच कळेल. एकेरी मार्गाची ताकद इंजिनावर ठरत नाही. ती क्रॉसिंग स्टेशनांवर आणि लूपच्या, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाच्या, लांबीवर ठरते. लूप आखूड असेल तर लांब गाडी कितीही जोरकस इंजिनाने ओढा, समोरची गाडी पुढे काढायला जागाच नसते. शिवाय भरलेले डबे जेवढे वर जातील तेवढेच रिकामे खाली आले पाहिजेत. ते यार्डात साचले की पुढचा माल पार्वतीपूरलाच अडतो.

१ मार्च १९४४ पासून कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा मार्ग अमेरिकन लष्कराच्या मिलिटरी रेल्वे सर्व्हिसने चालवायला घेतला. साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती आणि पाच ऑपरेटिंग बटालियन मार्गावर वाटून दिल्या होत्या. ७२१ वी पार्वतीपूरला, ७२५ वी लालमणीरहाटला, ७२६ वी पांडूला, ७४५ वी लामडिंगला, ७४८ वी तिनसुकियाला. हे सगळे मूळचे न्यूयॉर्क सेंट्रल, रॉक आयलंड, वाबाश यांसारख्या रेल्वे कंपन्यांतले ड्रायव्हर, यार्डमास्तर आणि डिस्पॅचर. गणवेश नवा, हात जुने. त्यांनी लूप लांबवले, गाड्या लांब केल्या, यार्डात चोवीस तास जबाबदार माणूस ठेवला आणि मीटर गेजसाठी खास बनवलेली 'मॅकआर्थर' इंजिने धावायला लावली. वाहतूक काही आठवड्यांतच ठळकपणे वाढली.

या कामगिरीची हकीकत सांगताना एक गोष्ट नेहमी निसटते. भारतीय कर्मचारी आपापल्या जागी होतेच. स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, फायरमन, गँगमन हे सगळे तेच होते, हिवतापाच्या प्रदेशात, बॉम्बच्या भीतीत, तुटपुंज्या पगारावर. अमेरिकन बटालियनांच्या कामगिरीला उणे लेखण्याचे कारण नाही. पण त्या ८०४ मैलांवर ज्यांनी आधी दोन वर्षे मार्ग जिवंत ठेवला त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत, याचे दुःख आहे.

ताबा घेऊन आठवडाच झाला होता, तोच जपानी फौजांनी इंफाळ-कोहिमाच्या दिशेने मोठी चढाई सुरू केली. त्यांच्या वाटेत संगशाक येथे पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाईट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. २२ ते २६ मार्च या काळात तिथे झालेल्या झुंजीने जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले. या वाचलेल्या दिवसांत रेल्वे काय करत होती? ती ब्रिटिश सेकंड डिव्हिजन घेऊन येत होती. ही डिव्हिजन अहमदनगर, पुणे आणि बेळगाव भागात सराव करत होती. तिला सगळा देश ओलांडून, मध्ये गेज बदलून आणि ब्रह्मपुत्रा पार करून मणिपूर रोडला, म्हणजे दिमापूरला, उतरवायचे होते. कोहिमापासून दिमापूर ७५ किलोमीटरवर. तिथे साठवलेला दारूगोळा आणि धान्य जपान्यांच्या हाती पडले असते आणि रूळ तुटले असते, तर हवाई वाहतुकीचे तळही उपाशी राहिले असते. जपानी सेनापती कोहिमातच अडकून राहिले. सेकंड डिव्हिजन वेळेत पोचली. २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला.

स्वातंत्र्याबरोबर हाच मार्ग फाळणीत तुटला. पार्वतीपूर, लालमणीरहाट पूर्व पाकिस्तानात गेले आणि आसामला भारताच्या उरलेल्या भागाशी जोडणारा रूळ राहिला नाही. करनैल सिंग यांच्या देखरेखीखाली जानेवारी १९४८ मध्ये आसाम रेल लिंकचे काम सुरू झाले. किशनगंज-सिलिगुडी-फकिराग्राम हा सुमारे २२९ किलोमीटरचा मार्ग, जंगल, पूर आणि तीस्ता-तोरसासारख्या नद्या ओलांडत दोन वर्षांत पुरा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, तो प्रवासी वाहतुकीला खुला झाला. हे काम मुलकी अभियंत्यांचे होते. पण पुढे टेरिटोरियलच्या डोळ्यांसमोर सतत राहिला तो हाच चिंचोळा पट्टा.

१९६५ मध्ये राजस्थानच्या सीमेवर बाडमेर-मुनाबाव मार्ग लढाईचा भाग बनला. ९ सप्टेंबरला गडरा रोड येथे पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात १७ रेल्वे कर्मचारी मरण पावले. आघाडीकडे सामान जायचे तर मार्ग चालू राहिला पाहिजे, म्हणून ते रुळांवर होते. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी रेल्वेमन जमतात. १९७१ मध्ये त्याच दिशेने भारतीय फौज सिंधमध्ये शिरली. मुनाबाव आणि खोखरापार यांच्यामधला तुटलेला दुवा जोडून गाड्या पलीकडे गेल्या. मागे रस्ता म्हणजे वाळू होती. तिथे पाण्याच्या टाक्या घेऊन आलेली गाडी तोफखान्याइतकीच मोलाची ठरली.

पूर्वेला बांगलादेशात पूल पडले होते, रूळ उखडले होते. पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाचा एक गाळा उद्ध्वस्त झाला होता. भारतीय रेल्वेच्या अभियंत्यांच्या मदतीने तो उभा राहिला आणि १२ ऑक्टोबर १९७२ रोजी पुलावरून पुन्हा गाडी गेली. नव्या देशाला त्या वर्षी धान्य पोचवायचे होते. लष्करी रेल्वेच्या इतिहासात मला हे काम कूतच्या बरोबरीने मांडावेसे वाटते. कूतमध्ये रूळ नसल्याने माणसे उपाशी मेली, आणि इथे रूळ जोडल्याने ती जगली.

१९७४ च्या मे महिन्यातला संपही या इतिहासातून गाळता येणार नाही. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे थांबली, आणि गाड्या चालवायला टेरिटोरियलला बोलावले गेले. कालपर्यंत एकाच शेडमध्ये डबा उघडून जेवणारे दोघे समोरासमोर आले. हुकूम पाळणाऱ्याने शिपाई म्हणून आपले कर्तव्य केले. संपावर गेलेल्यानेही पोटासाठीच पाऊल उचलले होते. परकीय शत्रूसाठी उभारलेली तुकडी अशा कामाला वापरणे मला मनापासून पटत नाही, आणि त्या वेळच्या जवानांपैकी अनेकांनाही ते जड गेले असणार.

आजचा लष्करी रेल्वेचा व्यवहार महाराष्ट्रात सहज दिसतो, पण कुणी थांबून पाहत नाही. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारातून मुंबई-नागपूर मार्गावर वाघिणी निघतात. अहिल्यानगरच्या चिलखती दलाचे रणगाडे सपाट वाघिणींवर चढतात, देवळालीच्या तोफा निघतात. मोठ्या स्टेशनांवर 'एमसीओ'ची, म्हणजे मूव्हमेंट कंट्रोलची खोली असते. रणगाडा वाघिणीच्या कडेबाहेर आला की ती 'ओडीसी', म्हणजे ठरल्या मापाबाहेरची, होते. मग बोगदा, फलाट, शेजारच्या रुळावरची गाडी, सगळ्यांची मापे तपासून, वेग बांधून ती न्यावी लागते. कसाऱ्याच्या चढाला मागे बँकर लागतात. शांततेच्या दिवसांत हे नियमांच्या पुस्तकानुसार होते. युद्धात तेच काम पुस्तक नसताना, वीज नसताना, रात्रीतून करायचे असते. टेरिटोरियलच्या कॅम्पमध्ये माणूस तयार होतो तो यासाठी.

अलीकडे जमालपूर, झाशी, कोटा, अद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद अशा सहा रेल्वे रेजिमेंट उरल्या होत्या. त्यांपैकी पाच मोडून फक्त जमालपूरची ठेवायचा निर्णय झाला. तिच्याकडे न्यू जलपाईगुडी ते रंगिया हा सिलिगुडी पट्ट्यातून जाणारा मार्ग सोपवलेला आहे. निर्णयामागचे तर्क समजण्यासारखे आहेत. रेल्वे आता विजेवर चालते, लष्कराची स्वतःची यंत्रणा आहे, आणि वर्षानुवर्षे प्रत्यक्ष बोलावणे आलेले नाही. पण १९१५ मध्येही नासिरियाची रेल्वे नाकारताना असेच हिशेब मांडले गेले होते. मोडलेल्या पाच रेजिमेंटांतले जवान आपापल्या शेडमध्ये, केबिनमध्ये, गँगमध्ये परतले. तुटलेला गर्डर कोण टेकवू शकतो, सिग्नलशिवाय गाडी कोण काढू शकतो, वाफेच्या काळापासून आलेली तात्पुरत्या पुलाची युक्ती कुणाला ठाऊक आहे, याची नोंद प्रत्येक विभागीय कार्यालयाने आजच करून ठेवावी आणि त्या माणसांना दरवर्षी एकदा तरी एकत्र सरावाला बोलवावे, ही मागणी या स्मरणिकेच्या पानावरून रेल्वे प्रशासनाकडे करीत आहे.